ठो! म्हणजे तू मेलास: घरातल्या खोट्या बंदुका-तलवारींचं काय करायचं?

घरात खेळण्यातली एकही बंदूक नसली तरी साडेतीन-चार वर्षांचं मूल एक दिवस दोन बोटं ताणून आपल्यावर रोखतं आणि म्हणतं, "ठो!" बोटं खाली घ्यायला सांगितली तर ठोकळे जोडून बंदूक तयार होते. ठोकळे उचलून ठेवले तर पट्टी, कंगवा, कपड्यांचा हँगर, अगदीच काही नसेल तर पायाला धरलेली बाहुली. काही पालकांच्या पोटात गोळा येतो, की हे पुढे हिंसक होणार. काहींना ते गोड वाटतं आणि ते व्हिडिओ काढायला धावतात. बहुतेक जण दमलेले असतात. ते "पुरे आता" म्हणतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा "पुरे आता" म्हणतात.

माझं सांगणं एकच आहे. शस्त्राकडे कमी बघा, समोरच्याकडे जास्त बघा. समोरचाही खेळत असेल तर तो खेळ. तो खेळत नसेल तर हातात मोरपीस असलं तरी तो त्रास. घरात काय चालू द्यायचं, कधी थांबवायचं, काय विकत आणायचं, याची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात. सगळी नाही; काही ठिकाणी शस्त्राकडेही नीट बघावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगतेच.

हे करतात तरी का?

दीड-दोन वर्षांचं झालं की मूल "खोटं खोटं" खेळायला लागतं. आधी रिकाम्या कपातून पाणी पितं, मग बाहुलीला पाजतं. तीन ते सहा या वयात हे खेळ भरात असतात. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ सालच्या एका व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठी हा घोडा आहे असं मानताना मूल वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला शिकतं, आणि विचार करण्याच्या वाटेवरची ती मोठी पायरी असते. काठीची तलवार होते तेव्हाही डोक्यात तेच काम चाललेलं असतं. वायगॉट्स्कीचं आणखी एक निरीक्षण पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे: असा खेळ वाटतो तितका मोकाट नसतो. मूल त्यात स्वतःहून नियमांना बांधून घेतं. पहारेकरी झालेलं मूल एरवी राहणार नाही इतका वेळ एका जागी उभं राहतं.

शिवाय ताकदीचा भाग आहेच. लहान मुलाला दिवसभर कोणीतरी मोठं माणूस उठ म्हणतं, बस म्हणतं, दात घास म्हणतं. दोन बोटं रोखल्यावर तेच मोठं माणूस धाडकन कोसळतं, ही गंमत त्याला सोडवत नाही. आणि भीतीही असते. अंधार, मोठा आवाज, कुणाचं तरी ओझरतं कानावर आलेलं मरण, हे सगळं खेळात आणलं की निदान तिथे तरी आपण जिंकतो.

"पण मुलं बघून शिकतात ना?" शिकतात. अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांचा १९६१ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली ३७ ते ६९ महिन्यांची ७२ मुलं त्यात होती. हवा भरलेल्या बाहुल्याला मोठं माणूस बडवताना ज्यांनी पाहिलं, त्यांनी नंतर तसंच बडवलं, कित्येकांनी तर तेच शब्द वापरून. मात्र दोन मित्र एकमेकांशी खोटी लढाई खेळतात तेव्हा काय होतं, हे त्या प्रयोगात तपासलेलं नव्हतं. त्यातून मी घेते तो धडा असा: मूल खेळण्यापेक्षा मोठ्यांना जास्त उचलतं. घरात राग आला की दार आपटलं जात असेल, फटका बसत असेल, तर पाण्याच्या पिचकारीवर बंदी घालून फार काही साधणार नाही.

पायरी पहिली: मध्ये पडण्याआधी थोडं बघा

आरडाओरडा ऐकून धावत जाण्याआधी दाराशी उभं राहून बघायचं. ओरडण्याच्या आवाजावरून काही कळत नाही, कारण खोट्या लढाईत खऱ्यापेक्षा जास्त ओरडतात. चेहरा बघायचा. खेळ असेल तर तोंड सैल, उघडं, हसरं असतं. भांडण असेल तर ओठ आवळलेले, भुवया ओढलेल्या, नजर रोखलेली. हाताकडे बघायचं: खेळात हात सैल सुटलेला असतो, खऱ्या मारामारीत मूठ वळते आणि फटका पूर्ण जोराने येतो.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पाळी बदलणं. आत्ता पाठलाग करणारा थोड्या वेळाने पळणारा होतो. दांडगं मूल मुद्दाम हळू पळतं, मुद्दाम पडतं, लहान्याला जिंकू देतं. मुलांच्या दंगामस्तीवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी आणखी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. खोटी लढाई संपली की मुलं एकत्रच राहतात आणि दुसरा खेळ सुरू करतात. खऱ्या भांडणानंतर वेगळी होतात. आणि खऱ्या भांडणाभोवती बाकीची मुलं गोळा होतात, खोट्या लढाईकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खोलीत तिसरं मूल शांतपणे चित्र रंगवत बसलं असेल तर बहुधा सगळं ठीक आहे.

आता ठीक नसतं तेव्हा काय दिसतं तेही सांगते. एकच मूल दर वेळी मरतं. एकच मूल दर वेळी चोर. ते हसतंय, पण हसता हसता आपल्याकडे बघतंय. किंवा नेम धरलाय त्या व्यक्तीला या खेळाचा पत्ताच नाही: पाळण्यातलं बाळ, मांजर, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. अशा वेळी शस्त्र काढून घ्यायची गरज नसते. खेळात नसलेल्याला खेळातून सोडवायची गरज असते.

पायरी दुसरी: थांबवायचं तर काय बोलायचं

"बंदूक वाईट असते" हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला दोन गोष्टी शिकवतं. एक, मला जे आवडतं ते वाईट, म्हणजे मीही थोडा वाईट. दुसरी, आईला खरं नाव सांगायचं नाही. मग विचारल्यावर उत्तर येतं, "ही बंदूक नाहीच, ही ड्रिल मशीन आहे," आणि ड्रिल मशीनमधून ढिश्क्यांव आवाज येत राहतो. संपूर्ण बंदी असलेल्या बालवाड्यांत हे सर्रास दिसतं. ब्रिटनच्या शिक्षण खात्याने २००७ मध्ये बालवाड्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं होतं की असा खेळ थांबवायची ऊर्मी मोठ्यांना होते, पण इतर मुलांच्या हक्कांचा आदर मुलगे शिकत असतील तर थांबवायची गरज नाही. काही शिक्षक संघटनांना ते अजिबात पटलं नाही. मला पटतं, पण घरापुरतं. वीस-तीस मुलांच्या वर्गात हिशेब वेगळा असू शकतो.

तर बोलायचं काय? दिसलं ते बोलायचं, आणि पुढे काय करायचं ते सांगायचं.

"ताईचा चेहरा बघ. तिला मजा येतेय का? विचार तिला."

"आजोबा खेळत नाहीयेत. नेम दुसरीकडे."

"तू खूप जोरात मारलंस, त्याला लागलं. खेळ थांबला. आधी त्याच्याजवळ जा."

"बाळ खेळात नाही. त्या उशीला राक्षस करा."

आवाज खालचा, वाक्य छोटं. भाषण द्यायचं असेल तर रात्री झोपताना द्या, आणि तेही नाही दिलंत तर उत्तम. "सॉरी म्हण" हा हुकूमही मी बाजूला ठेवते. ओल्या कपड्याची घडी आणून दे, पाणी आणून दे, शेजारी बस, असं काहीतरी करायला सांगितलं की मूल समोरच्याकडे खरंच बघतं. सॉरी बहुतेक वेळा जमिनीकडे बघून म्हटलं जातं.

पायरी तिसरी: नियम मुलांबरोबर ठरवा, पण खेळ चालू नसताना

चारच्या वर नियम नकोत. लक्षात राहत नाहीत आणि मग रोज वकिली सुरू होते. सगळे शांत असताना बसायचं, मुलांकडूनच काढून घ्यायचे, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र काढून दाराला चिकटवायचे. पहिला नियम आपण ठेवायचा: जो खेळत नाही त्याच्यावर नेम नाही. यात प्राणी आले, पाहुणे आले, खिडकीतून दिसणारी माणसं आली.

दुसरा, थांबायचा शब्द. "टाइम प्लीज" मुलांना माहीत असतोच. तो म्हटला की सगळ्यांनी जागच्या जागी गोठायचं, आणि का म्हटला हे विचारायचं नाही. खेळात "नको, नको, वाचवा!" हे नाटकात चालतं, त्यामुळे साधा "नको" पुरत नाही, नाटकात कधीच न येणारा शब्द हवा. मोठ्यांनीही तो पाळायचा. गुदगुल्या करताना मुलाने टाइम प्लीज म्हटलं आणि बाबांनी आणखी दोन केल्या, तर तो शब्द त्या घरात मेला.

तिसरा, चेहऱ्याला आणि मानेला काही लावायचं नाही.

चौथा नियम मरण्याचा. हसू नका. लुटुपुटुच्या लढाईत होणारी बहुतेक खरी भांडणं याच एका प्रश्नावर होतात. "तू मेलास!" "नाही मेलो, माझ्याकडे कवच होतं!" "मी तर कवच फोडणारी गोळी मारली!" आवाज चढत जातात, मग ढकलाढकली, मग रडणं, आणि बाहेरून बघणाऱ्या मोठ्यांना वाटतं, बघा, बंदुकीने मुलं हिंसक झाली. भांडण बंदुकीचं नसतं, नियम न ठरल्याचं असतं.

हा वाद मोडायला आमच्याकडे जी युक्ती टिकली ती अशी: लागलं की नाही हे ज्याला लागलं तो ठरवणार, मारणारा नाही. ऐकायला विचित्र वाटतं, कारण मग कुणी मरणारच नाही असं वाटतं. सुरुवातीला खरंच कुणी मरत नाही. मग मुलांना कळतं की कुणीच मेलं नाही तर खेळ पुढे सरकत नाही, आणि झोकात मरण्यात वेगळी मजा आहे. त्यानंतर मरायची स्पर्धा लागते. मेलेल्याने दहा आकडे मोजून उठायचं की मित्राने येऊन हात लावल्यावर उठायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. त्यात मारण्याइतकंच उठवण्याचं काम येतं, आणि एकटं पडणारं मूल गटाला हवंसं होतं.

लहान भावंड असेल तर ते कच्चं लिंबू. त्याला खेळात घ्यायचं, त्याने मारलेलं सगळ्यांना लागायचं, त्याला कुणाचंच लागायचं नाही. मोठ्यांची कुरकुर थोडी होईल, होऊ द्या. मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाला काठ्यांच्या खेळात कच्चं लिंबू म्हणूनही घालू नका. त्याला अंतराचा अंदाज नसतो, आणि मोठ्यांना ते पायात येईपर्यंत दिसत नाही.

पायरी चौथी: हातात काय आहे ते बघा

मूल जे शस्त्र स्वतः बनवतं आणि जे आपण विकत आणतो, त्यांच्यासाठी माझे मापदंड वेगळे आहेत. बनवलेल्या शस्त्राला मी सहसा नाही म्हणत नाही. पुठ्ठ्याची नळी, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, ठोकळे, फोमची लांब नळी. याच नळीची पाच मिनिटांनी दुर्बीण होते आणि मग शिट्टी. बंदुकीच्या आकाराचं प्लॅस्टिक मात्र बंदूकच राहतं.

काठी हवीच असेल तर मुलाच्या हाताहून लांब नको, टोकं बोथट हवीत, साल आणि कुसं काढलेली हवीत. तलवारीने तलवारीला मारायचं, अंगाला नाही. टोक खांद्याच्या वर जाणार नाही. भोसकण्याची कृती पूर्ण बंद. वार फक्त आडवा. तोंडात काहीही धरून पळायचं नाही, आणि हा नियम शस्त्राच्या खेळापुरता नाही, टूथब्रशलाही लागू आहे.

विकतच्या वस्तूंत धोका डोळ्यांना सर्वांत जास्त. फोमच्या मऊ गोळ्या उडवणाऱ्या बंदुका निरुपद्रवी वाटतात. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा गोळ्या डोळ्याला लागलेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एक ११ वर्षांचा मुलगा होता, दोघं मोठी माणसं. तिघांच्याही डोळ्याच्या आत, बुबुळाच्या पुढच्या भागात रक्त साकळलं होतं. तेव्हा ही बंदूक घरात येणार असेल तर तिच्याबरोबर कडेनेही झाकणारे चष्मे यायला हवेत, खेळणाऱ्या प्रत्येकासाठी एक. चष्मा नाही तर गोळी नाही. मूळ संचाबरोबर आलेल्या गोळ्याच वापरा. वेगळ्या मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांचं टोक जास्त कडक असू शकतं. आणि मूल मुद्दाम पेन्सिल किंवा खडा भरून उडवतंय का, यावर नजर ठेवा. हे प्रत्येक मूल एकदा तरी करून बघतं.

पाण्यात भिजवून फुगणारे जेलचे मणी उडवणाऱ्या बंदुका मला घरात अजिबात नको आहेत. कोरडा मणी बारीक असतो, जमिनीवर घरंगळतो, दिसत नाही. रांगत्या बाळाने गिळला तर पोटात फुगतो आणि आतड्याला अडथळा करू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसतही नाही. मोठ्याचं खेळणं धाकट्याला भोवण्याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या तलवारींत चपट्या गोल बॅटऱ्या असतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा. अशी बॅटरी गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. सुटे भाग किती लहान चालतात यासाठी अनेक देशांच्या खेळण्यांच्या मानकांत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी नको. घरी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून वस्तू आरपार जाते का बघा. ती थोडी मोठी असते, म्हणजे चाचणी जास्तच कडक होते. टिकल्या फोडायच्या बंदुका कानाजवळ वाजल्या तर कानाला वाईट, एवढं पुरे.

आणि खरीखुरी दिसणारी बंदूक? इथे मी ठाम आहे: नाही. मुलाच्या मनावर काय होईल म्हणून नाही, बघणाऱ्याला काय वाटेल म्हणून. अमेरिकेत १९८८ मध्ये कायदा करून खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीचं टोक भडक केशरी करायला लावलं, कारण पोलिसांना फरक कळत नव्हता. तरीही २०१४ मध्ये क्लीव्हलँड शहरातल्या एका बागेत १२ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या गोळ्यांची नकली बंदूक होती आणि तिचं केशरी टोक निघालेलं होतं. समोरचा खेळतोय का, हा प्रश्न इथे उलटा लागू होतो: आपण खेळतोय हे समोरच्याला कळतंय का? जांभळी, पारदर्शक, वेडीवाकडी बंदूक असेल तर कळतं. काळ्या धातूसारखी दिसणारी असेल तर नाही.

पायरी पाचवी: खऱ्या हत्याराबद्दल वेगळं बोला

हा विषय खेळाच्या नियमांत मिसळू नका. तो स्वतंत्र आहे आणि जास्त गंभीर आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान लहान गटांत एका खोलीत सोडलं होतं. तिथल्या कपाटाच्या खणांत दोन पाण्याच्या पिचकाऱ्या आणि एक खरी, निकामी केलेली पिस्तूल होती. ४८ जणांना पिस्तूल सापडली. ३० जणांनी ती हाताळली, १६ जणांनी घोडा ओढला. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती खेळण्यातली वाटली किंवा नक्की कळलं नाही. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी कुणी ना कुणी शिकवलेलंही होतं.

म्हणून मुलाला शिकवायचं ते शिकवाच: "खरी असेल किंवा खरी वाटत असेल, हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी रागावणार नाही." पण विसंबायचं कुलपावर. घरात परवान्याची बंदूक किंवा छऱ्यांची एअरगन असेल तर ती रिकामी करून कुलपात, छरे-गोळ्या दुसऱ्या कुलपात, किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. स्वयंपाकघरातली सुरी, विळा, कोयता, करवत यांनाही हेच लागू. ज्या घरी मूल खेळायला जातं तिथे हत्यार आहे का, हे विचारायला अवघड वाटतं. कुत्रा आहे का, गच्चीला कठडा आहे का, हे विचारताना त्याच दमात विचारून टाकायचं.

सुरी धरायला शिकवणं हे मात्र मी खेळाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. सहा-सात वर्षांच्या मुलाला शेजारी उभं करून बोथट सुरीने मऊ काहीतरी चिरायला दिलं, की खरं आणि खोटं यातला फरक त्याच्या हाताला कळतो. हा फरक तोंडी सांगून तितका पोचत नाही.

पायरी सहावी: खेळात शिरायचं की नाही

मुलाने ठो केलं आणि तुम्हाला चालत असेल तर मरा. नीट मरा. आमच्या घरी हे काम बाबांकडे असतं. त्या निमित्ताने जमिनीवर आडवं पडता येतं आणि कुणी काही म्हणत नाही. तुम्हाला नको असेल तर स्वच्छ सांगा, "मला आत्ता गोळी खायची नाही." तुम्हीही समोरची व्यक्तीच आहात. आईने नाही म्हटलं आणि ते पाळलं गेलं, हे मूल तिथे बघतं आणि उद्या मैत्रिणीच्या बाबतीत वापरतं.

खेळ एकाच जागी अडकलाय असं दिसलं, म्हणजे तासभर नुसतं ठो-मेला-ठो-मेला, तर बंद करण्यापेक्षा त्यात एक प्रश्न टाकावा. "हा जखमी झालाय, याला कोण उचलून नेणार?" "राक्षस इथे आला कशाला? त्याला काय हवंय?" "किल्ल्याचा दरवाजा कुणी बांधला?" बहुतेक वेळा पुढचा अर्धा तास उशांचा किल्ला बांधण्यात जातो आणि शस्त्रं कोपऱ्यात पडून राहतात. प्रश्न एकच टाकायचा आणि बाजूला व्हायचं. आपणच गोष्ट रचत बसलो तर मुलं उठून जातात.

पडद्यावर पाहिलेला प्रसंग जसाच्या तसा, त्याच संवादांसह रोज चालला असेल तर पडद्याचं थोडं कमी करून बघा. खेळ मुलाचा राहिलेला नाही, त्या कार्यक्रमाचा झालाय.

पायरी सातवी: काळजी कधी करायची

फार क्वचित, पण करायची असते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात शाळेच्या बसमधून २६ मुलांचं अपहरण झालं आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या एका वाहनाच्या डब्यात कोंडलं गेलं. सगळी मुलं सुखरूप सुटली. मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नंतर त्या मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की धक्का बसलेल्या मुलांचा खेळ वेगळा असतो: तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, चेहऱ्यावर मजा नाही, शेवट बदलत नाही, आणि खेळून झाल्यावर मूल हलकं होत नाही.

घरात बघायची खूण तीच. खेळ कितीही रक्तबंबाळ असो, त्यात हसू आहे का आणि गोष्ट पुढे सरकते का? याच्या जोडीला झोप उडणं, आधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, प्राण्यांना मुद्दाम दुखावणं, किंवा रागाच्या भरात एका ठरावीक व्यक्तीचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा "मारून टाकीन" म्हणणं, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, ते पुढे बालमानसतज्ज्ञांकडे पाठवतील. जाताना दोन आठवड्यांच्या नोंदी घेऊन जा: कधी, कुणाबरोबर, आधी काय घडलं. "तो फार हिंसक खेळतो" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

युद्धाच्या बातम्या पाहून मुलं बॉम्ब-बॉम्ब खेळायला लागली, एवढ्यावरून घाबरू नका. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड लंडनमध्ये मुलांसाठी निवासी बालगृहं चालवत होत्या, तिथली मुलंही बॉम्बहल्ल्याचे खेळ खेळत. बातम्यांचा आवाज बंद करा, खेळ चालू राहू द्या, आणि मूल विचारेल तेवढ्यालाच उत्तर द्या.

पायरी आठवी: बाकीची मोठी माणसं

आजी म्हणते, घरात असलं काही नको. मामा वाढदिवसाला पाच फुटी रायफल आणतो. दोघांनाही एकाच दिवशी नियमांचा कागद दाखवावा, आणि तो मुलांना वाचून दाखवायला सांगावा. मुलांच्या तोंडून ऐकल्यावर वाद घालायला जागा राहत नाही. आजीच्या खोलीत आजीचा नियम: तिथे शस्त्र दाराबाहेर ठेवायचं. मामाच्या रायफलला मामासमोरच भडक रंग फासायचा किंवा ती परत करायची. कपाटावर लपवून ठेवली तर ती रोज मागितली जाते.

शाळेत पूर्ण बंदी असेल तर मुलाला तसंच सांगायचं: "शाळेत बोटांचीही बंदूक नाही, तिथले नियम तिथे." चार वर्षांच्या मुलाला दोन जागांचे दोन नियम कळतात, तो बाथरूममध्ये आणि बैठकीत वेगळा वागतोच की. शिक्षकांकडून तक्रार आली तर "घरी चालतं" म्हणून मुलाची बाजू घेऊ नका. आधी विचारा की दुसरं मूल घाबरलं होतं का. घाबरलं असेल तर त्याच्या पालकांना तुम्ही स्वतः फोन करा, शाळेने करण्याची वाट बघू नका.

खेळायला आलेल्या मुलाच्या घरी हा खेळ चालत नसेल तर त्या दिवशी शस्त्रांची टोपली उचलून ठेवायची, आणि का ठेवली ते आपल्या मुलाला पाहुणा येण्याआधी सांगायचं. आठ-नऊ वर्षांची झाली की चित्रांचा कागद काढून टाका आणि नियम मुलांना नव्याने लिहू द्या. बागेत किती लांब जायचं, अंधार पडल्यावर खेळायचं का, मोठ्या मुलांच्या गटात धाकटीला न्यायचं का, हे प्रश्न तेव्हा आपोआप पुढे येतात. चष्म्याचा नियम मात्र त्यांच्या मतदानाला ठेवू नका.